अंबुजाअक्कांची मंगळवारची गोळी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची मंडळी घरी येऊन गेली. म्हणाली, "अण्णा, चौतीस वर्षं मेडिकल चालवलंत, काही गोड आठवणी लिहा की." गोड हवं असेल तर मिठाईच्या दुकानात जा म्हणावं. माझ्याकडे माणसं कण्हत यायची आणि जाताना मलाच अक्कल शिकवून जायची. तरी लिहितो. छापलं नाही तरी चालेल, पण छापलंत तर मधलं काही गाळायचं नाही.

माझं दुकान मल्लेश्वरममध्ये, संपिगे रोडवरून आत वळलं की डाव्या हाताला. आमचं घराणं इथं कितीतरी पिढ्यांचं. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कानडीतले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे कधी येऊन बसले ते आम्हालाही आठवत नाही. पुण्याकडचे नवे लोक ऐकून हसतात. हसू देत. त्यांच्या स्वतःच्या वाक्यात क्रियापद तेवढं मराठी उरलेलं असतं.

तर, पाय. या शहरात ताप-खोकल्यापेक्षा पाय जास्त दुखतात, असं माझं काउंटरमागून पाहिलेलं मत आहे. आणि पाय दुखणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पायाचं निदान आधीच ठाऊक असतं. "अण्णा, कॅल्शियम कमी झालंय." कुणी सांगितलं? शेजारणीनं. शेजारणीला कुणी सांगितलं? मोबाइलनं. मग कॅल्शियमची गोळी न्यायची, ती सकाळच्या लोहाच्या गोळीबरोबर एकदम तोंडात टाकायची, वर लोटाभर फिल्टर कॉफी ओतायची, आणि महिन्यानं येऊन म्हणायचं, तुमच्या गोळीत काही दम नाही. अहो बाई, कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेतलं की लोह अंगी लागत नाही, आणि कॉफी त्या लोहाची उरलीसुरली वाट लावते. शंभरदा सांगितलं असेल. ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि घरी जाऊन तेच करायचे.

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाय दुखणं म्हणजे एक दुखणं नव्हे. ड जीवनसत्त्व कमी असलं तर दुखणं खोल हाडातून येतं, नडगी दाबली तरी कळ येते, उकिडवं बसलेलं माणूस मांडीवर हात टेकून उठतं. बी-बारा कमी असलं तर तळव्यांना मुंग्या येतात, जळजळतं, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. रक्तातलं लोह कमी झालं तर रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत. कधी कोलेस्ट्रॉलच्या गोळीनं स्नायू दुखतात. कधी कण्यातली नस दबलेली असते आणि माणूस बिचाऱ्या पोटरीला तेल चोळत बसतो. हे सगळं मला डॉक्टर न होताही कळत होतं, आणि कळतं याची मला भारी घमेंड होती. ती घमेंड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकदा एक सॉफ्टवेअरवाला आला. पुण्याचा, नुकताच इथं आलेला. चेहरा पिवळट, हातात पाण्याची बाटली, दोन शब्द बोलला की एक घोट. म्हणाला, "काका, व्हिटॅमिन डीचे सॅशे द्या. आणि उलटीचं काहीतरी. लेग पेन जातच नाहीये."

मी विचारलं, "सॅशे कसं घेता?"

"रोज एक. दुधातून."

"रोज?"

"हो. माझी लेव्हल खूप लो होती ना, म्हणून मी स्वतःच डोस वाढवला."

अय्यो! ती पूड आठवड्यातून एकदा घ्यायची असते. या शहाण्यानं दोन महिने रोज खाल्ली होती. जास्त झालेलं ड जीवनसत्त्व रक्तात कॅल्शियम चढवतं. मग तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला त्रास. मी त्याला काही दिलं नाही, रिक्षात बसवला आणि इस्पितळात पाठवला. तिथं चार-पाच दिवस सलाईन लावून ठेवलं. बरा होऊन आला तेव्हा मी म्हटलं, "एवढं शिकलात, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचलं नाहीत?" तो म्हणाला, "काका, पाकीट कोण वाचतं?" त्याच्या या उत्तरावर मी वर्षभर दुकानात लोकांना हसवलं.

दुसरे रामोजीराव, निवृत्त बँकवाले. रोज फिरायला जायचे आणि वाटेत दर दोन-तीनशे पावलांवर साडीच्या दुकानापुढं उभं राहून काचेतल्या साड्या न्याहाळायचे. लोकांनी नको ते अर्थ काढले. त्यांची बायको तर माझ्याकडे येऊन रडली. मी एकदा त्यांना गाठलं आणि विचारलं, "राव, चालताना पोटऱ्या दुखतात आणि उभं राहिलं की थांबतात, असं आहे का?" ते चपापले. "तुला कुणी सांगितलं?" पायाच्या रक्तवाहिन्या आवळत आल्या की असं होतं. चाललं की पोटरीला रक्त पुरत नाही, थांबलं की पुन्हा पुरतं. गृहस्थ लाज वाटते म्हणून साड्या बघत होते आणि घरी कॅल्शियम खात होते. डॉक्टरकडे पाठवलं, सिगारेट सुटली, पाय वाचला. त्यानंतर मल्लेश्वरममध्ये माझं नाव झालं. डॉक्टरांच्या आधी नागोजीला विचारा, असं लोक म्हणू लागले. मीही म्हणू दिलं.

आता माझ्या डब्यांबद्दल सांगतो. दुकानाच्या मागच्या भिंतीवर पत्र्याचे डबे होते, बिस्किटांचे असतात तसे, प्रत्येकावर एका घराचं नाव. त्या घरातल्या माणसांच्या कायमच्या गोळ्या दर महिन्याला मी त्या डब्यात तयार ठेवायचो. डॉक्टरची चिठ्ठीही घडी करून डब्याच्या तळाशी. चिठ्ठी घरी हरवते, कुणी तिच्यावर किराणाची यादी लिहितं, म्हणून ती माझ्याकडे. माणसानं यायचं, "अण्णा, आमचा डबा" म्हणायचं, पिशवी घेऊन जायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. दर वेळी नवी चिठ्ठी मागायला हवी, हा कायदा मलाही ठाऊक होता. पण कायदा अनोळखी गिऱ्हाइकांसाठी असतो, घरच्या माणसांसाठी नव्हे, अशी माझी समजूत. संपिगे रोडच्या पलीकडे नवं चकाचक मेडिकल निघालं, तिथली पोरं दर वेळी चिठ्ठी मागायची. मी त्यांची टिंगल करायचो. म्हणायचो, गिऱ्हाइकाचं तोंड ओळखत नाहीत म्हणून कागद मागतात.

एक डबा अंबुजाअक्कांचा होता. अक्का निवृत्त गणिताच्या बाई, आमच्यासारख्याच इथल्या मराठी घरातल्या. मला आठवीत त्यांनी शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. उत्तर बरोबर आलं तरी मधल्या पायऱ्या लिहिल्या नाहीत तर मार्क द्यायच्या नाहीत. यजमान गेल्यावर दुकानामागच्याच गल्लीत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. खाली उतरायला बावीस पायऱ्या. रोज उतरायच्या, आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या आडरस्त्याला, जाऊन भाजी घ्यायच्या, पुन्हा चढायच्या. मुलगा प्रकाश बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात मोठा साहेब. त्याचं तिकडं होसूर रोडला चौदाव्या मजल्यावर घर. तो दर रविवारी म्हणायचा, "आई, हे घर बंद कर आणि चल." अक्का म्हणायच्या, "ज्या दिवशी बावीस पायऱ्या चढता येणार नाहीत, त्या दिवशी येईन." हा त्यांच्यातला करार होता आणि अख्ख्या गल्लीला तो माहीत होता.

साठीनंतर अक्कांची हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालं. आमच्या कोपऱ्यावरच्या वयस्क डॉक्टरांनी हाडं घट्ट करणारी गोळी लिहून दिली, आठवड्यातून एक. गोळी मोठी मानी. सकाळी उपाशीपोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास खायचं नाही, आडवं व्हायचं नाही. अर्धा तास कॉफी नाही! अक्कांनी मंगळवार धरला. मंगळवारी सकाळी त्या गॅलरीत ताठ उभ्या राहून घड्याळाकडे बघताना दिसल्या की मी खालून ओरडायचो, "अक्का, किती मिनिटं राहिली?" त्या बोटं दाखवायच्या. मग कधी मला वर बोलवून कॉफी द्यायच्या. त्यांच्या घरून कॉफी न घेता मी कधी परतलो नाही.

वर्षं गेली. ते डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी ज्यूसचं दुकान आलं. अक्कांचा डबा मात्र दर महिन्याला भरत राहिला.

मग एका उन्हाळ्यात अक्का डब्याला आल्या आणि म्हणाल्या, "नागोजी, उजवी मांडी दुखते रे. बाहेरच्या बाजूनं. पाऊल टाकलं की जास्त."

मी म्हटलं, "ड कमी असेल अक्का. या वयात होतं." आणि पूड दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. मी बी-बाराची गोळी जोडली. पुढच्या महिन्यात तेल दिलं. अक्का म्हणाल्या, "कमी असण्याचं दुखणं एकाच मांडीत कसं रे राहील? रक्त तर सगळीकडं तेच फिरतं ना?" आठवीतल्या बाईंचा प्रश्न. मी हसलो. म्हणालो, "अक्का, हे गणित नव्हे." साडीच्या दुकानापुढं उभ्या राहणाऱ्या माणसाची पोटरी ओळखणारा मी! माझ्या दुकानातून चारशे पावलांवर क्ष-किरण काढतात. एकदा जाऊन या, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, कारण ते म्हटलं असतं तर मला कळलं नाही असं झालं असतं.

एका मंगळवारी सकाळी अक्का गॅलरीतून आत जायला वळल्या आणि कोसळल्या. मांडीचं हाड मधोमध मोडलं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकांनी आणि मी मिळून त्यांना रुग्णवाहिकेत घातलं, यशवंतपूरकडच्या एका इस्पितळात नेलं. वाटेत प्रकाशचा फोन आला, घरमालक त्याला सांगत होते, "पडल्या आणि हाड मोडलं." स्ट्रेचरवरून अक्का म्हणाल्या, "उलटं सांगता तुम्ही. आधी मोडलं, मग मी पडले. आवाज ऐकला मी." आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. वयस्क माणूस दुखण्यात काहीतरी बोलतं, असं वाटलं.

शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई घातली. पाच-सहा दिवसांनी प्रकाश घरी न्यायच्या वेळचा कागद घेऊन दुकानात आला. घरी म्हणजे त्याच्या घरी. "अण्णा, उद्या सोडतायत. ही औषधं काढून ठेवा. तिचं आता वय झालं, बावीस पायऱ्यांचा विषय संपला." त्याच्या आवाजात दुःख होतं, पण करार जिंकल्याचं थोडं समाधानही होतं. एवढं न कळण्याइतका मी भाबडा नाही.

कागद कुणा शिकाऊ डॉक्टरनं लिहिलेला. वेदनेच्या गोळ्या, कॅल्शियम, आणि शेवटी हाडं घट्ट करणारी आठवड्याची गोळी. तीच. मी पाकीट काढून काउंटरवर ठेवलंसुद्धा. मग नवा कागद डब्यात ठेवायचा म्हणून अक्कांचा डबा काढला. तळाशी जुनी चिठ्ठी होती, घड्या फाटत आलेली. का कोण जाणे, उघडली. वर तारीख. मी बोटांवर वर्षं मोजली, पुन्हा मोजली. अकरा आली. खाली गोळीचं नाव, आठवड्यातून एक. त्याच्याखाली डॉक्टरांच्या किरट्या अक्षरात एक ओळ होती: पाच वर्षं, नंतर बंद करून मला दाखवा.

कुठल्याही डॉक्टरचं अक्षर मला वाचता येतं, अशी माझी ख्याती. ती ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली असणार. वाचली आणि घडी घातली.

ही गोळी काही वर्षं हाडाला जपते, हजारो लोकांचे खुबे तिनं वाचवलेत, उगाच कुणी घाबरून बंद करू नका. पण ती खूप वर्षं चालली तर क्वचित कुणाच्या मांडीचं हाड आतून कडक आणि निर्जीव होत जातं. बारीक चीर पडते, महिनोन्‌महिने एकाच जागी दुखतं, आणि एक दिवस उभ्या उभ्या काडीसारखं मोडतं. हे मी कधीतरी एका कंपनीच्या पत्रकात वाचलं होतं. आणि ज्याच्या उजव्या मांडीत होतं त्याच्या डाव्या मांडीतही पुष्कळदा तीच चीर तयार होत असते.

प्रकाश म्हणाला, "काय झालं अण्णा? गोळी नाही का?"

मी विचारलं, "डॉक्टरांनी आधीच्या औषधांबद्दल विचारलं होतं?"

"हो, मोठ्या सर्जननी विचारलं. हाड वेगळंच मोडलंय म्हणाले. मी सांगितलं, कॅल्शियम वगैरे घेते. मला कुठे माहीत असतं, तुमच्या डब्यातून यायचं सगळं."

म्हणजे अकरा वर्षांचा हिशेब या जगात मला एकट्याला ठाऊक होता. अक्का त्या गोळीला नुसती मंगळवारची गोळी म्हणायच्या. चिठ्ठी फाडून टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. खोटं कशाला लिहू, तो विचार माझ्या मनात आला. काउंटरवर पाकीट, समोर प्रकाश, आणि पलीकडे अक्कांचा डावा पाय. मी पाकीट परत खणात टाकलं. म्हटलं, "ही गोळी अक्कांना आता एकसुद्धा द्यायची नाही. चल इस्पितळात." भर सकाळी अकराला शटर ओढलं आणि डबा काखेत मारून त्याच्या गाडीत बसलो.

मोठ्या सर्जननी चिठ्ठी पाहिली. "किती वर्षं दिली?"

"अकरा."

"कुणी?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी आयुष्यभर गिऱ्हाइकांकडे पाहत आलो होतो. मग त्यांनी अक्कांच्या डाव्या मांडीचा फोटो काढायला सांगितला. बाहेरच्या बाजूला हाड जाड झालं होतं आणि त्यात नखभर चीर होती. गोळी बंद, आणि मोडण्याआधी त्याही हाडात सळई घालायचं ठरलं.

आता अक्कांना सांगायचं होतं. प्रकाशनं वाटेत सगळं ऐकलं होतं, तो खोलीत शिरताच ओरडला, "आई, या माणसावर केस करायला पाहिजे!"

अक्का म्हणाल्या, "तू गप्प बस. नागोजी, काय आहे ते सांग." मी सांगितलं. मधलं काही गाळलं नाही, पूड, तेल, हसणं, सगळं. त्यांनी हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि परत माझ्यापुढे धरली. "चष्मा घरी राहिलाय. तूच वाच. मोठ्यानं."

मी वाचली. नाव, तारीख, गोळी, उपाशीपोटी, भांडंभर पाणी.

"पुढं."

"पाच वर्षं. नंतर बंद करून मला दाखवा."

अक्का म्हणाल्या, "किती स्वच्छ वाचता येतं की रे तुला."

दुकान मी त्याच वर्षी भाच्याच्या हाती दिलं. त्याआधी सगळे डबे उतरवले आणि घरोघर जाऊन ज्याची त्याची चिठ्ठी परत केली. म्हटलं, डॉक्टरला दाखवून नवी आणा. लोक चिडले. "अण्णा, वय झालं तुमचं, उगाच कटकट." रामोजीरावांनीच सगळ्यात जास्त आवाज केला. पलीकडच्या दुकानातली, तोंड न ओळखणारी ती पोरं बरोबर होती, हे मला म्हातारपणी मान्य करावं लागलं आणि ते करताना फार जड गेलं.

अक्का सात-आठ महिन्यांनी परत आल्या. प्रकाशच्या चौदाव्या मजल्यावर लिफ्टशेजारच्या जिन्यात रोज चढउतार करून त्यांनी बावीस पायऱ्या जमवल्या होत्या. त्यांची चिठ्ठी तेवढी माझ्याकडे राहिली होती. ती घेऊन मी वर गेलो. सकाळची वेळ होती, मंगळवार नव्हता. काठी टेकत त्यांनी दार उघडलं. आज चष्मा होता. दारातच उभं राहून त्यांनी चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली, उलटून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली.

"नागोजी," त्या म्हणाल्या, "ही माझ्या घरी असती ना, तर पाच वर्षं संपली त्याच दिवशी मी त्या डॉक्टरांच्या दारात उभी राहिले असते."

मी म्हटलं, "खरं आहे अक्का."

"सरी तर मग," त्या म्हणाल्या. आतून कॉफीचा वास येत होता. त्यांनी दार लावून घेतलं.